अंकोरला एकच दिवस फार कमी

व्हिएतनाम-कंबोडिया सहलीवरचा लेख उपयोगी आहे, पण त्यातला हनोई, होई आन, हो ची मिन्ह सिटी, कंबोडियातलं सिएम रीप आणि परत हनोईहून मुंबई हा क्रम मला पटला नाही. कंबोडियातून पुन्हा व्हिएतनाममध्ये शिरायचं तर तिथला ई-व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच हवा, सिंगलवर अडकाल. त्यापेक्षा परतीचं तिकीट सिएम रीपहूनच काढा. आम्हा कोल्हापूरकरांची मुंबई गाठण्यातच एक रात्र जाते, वर हा उलटा फेरा कशाला?

आणि सिएम रीपजवळच्या अंकोरच्या प्राचीन मंदिरांना लेखात एकच दिवस? एका दिवसाचं तिकीट ३७ डॉलर, तीन दिवसांचं ६२, मग तीनचंच घ्या की! तिथलं मुख्य मंदिर अंकोर वाट आपल्या अंबाबाईच्या देवळासारखंच पश्चिमाभिमुख. कुरुक्षेत्राचं शिल्प पश्चिमेच्या ओवरीत आहे, तिथं दुपारनंतर उजेड छान पडतो. समुद्रमंथन पूर्वेला, ते सकाळी बघा. वासुकीला ओढणारे देव-दानव ओळीनं बघत चालायला वेळ लागतोच. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात खांब न् खांब निरखणारी आपली माणसं तिथून लवकर हलणार नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर होई आन वगळा, ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथं पावसाचा जोर असतो, नदीचं पाणी जुन्या गल्ल्यांत शिरतं.