रीझनिंगचा क्लास

आठवडाभर आमच्या घरच्या ग्रुपवर एकच विषय चाललाय. पुतण्या बेळगावात बीएस्सी गणिताच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने सिद्धांत घोकत बसण्यापेक्षा टिळकवाडीत बँकेच्या परीक्षेचा रीझनिंगचा क्लास लावावा, म्हणे. 'लॉजिक सुधारतंय बग,' इति निपाणीचे काका.

'रामची आत्या सीताची कोण' हे घड्याळ लावून ओळखणं म्हणजे तर्क? माझं डोकंच फिरलं.

इथे जर्मनीत, बॉनच्या विद्यापीठात, मी पहिल्या सेमिस्टरच्या पोरांचे ब्लाट, म्हणजे दर आठवड्याचे गृहपाठ, तपासतो. संख्येचा वर्ग सम असेल तर ती संख्याही सम, हे सिद्ध करायचं असतं. कितीतरी पोरं सुरुवातच करतात, 'समजा, संख्या सम आहे.' मग तिचा वर्ग सम निघतो, खाली 'सिद्ध झालं'चा चौकोन काढला की झालं. सिद्ध काय झालं, तर उलटं विधान! फळ्याशी बोलावून एवढंच विचारायचं: संख्या विषम असली तर? 2क+1 चा वर्ग 4क²+4क+1, म्हणजे विषमच. मग वर्ग सम असताना संख्या विषम असणार कशी? हे खडू हातात असताना ज्याचं त्यालाच सुचावं लागतं, तेही दर आठवड्याला. ब्लाटचे निम्मे गुण नसले तर क्लाउजुरला, म्हणजे सेमिस्टरच्या लेखी परीक्षेला, बसायचं नाही.

आमच्या कॉलेजात √2 अपरिमेय असल्याची सिद्धता हमखास यायची. ती याच विधानावर उभी आहे, हे कुणी बोललं नाही. आम्ही ओळी पाठ केल्या, मार्क घेतले.

(इथली बरीच पोरं वर्षभरात गणित सोडून पळतात. काकांना ते सांगत नाही.)

पण आमच्याकडच्यांना तर्क जमत नाही असं इथे कुणी म्हणून बघावं! खडेबाजारात चहाच्या टपरीवर सीमाप्रश्नावरचा 1967 चा महाजन अहवाल आजही फाडला जातो: 'केरळातल्या कासरगोडला भाषेची कसोटी लावली, मग बेळगावला का नाही?' नियम एकीकडे लावला, दुसरीकडे सोडला, हे पकडायला कुठला क्लास लागला? हीच नजर वर्गात आली की पुरे.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. काकांचं उत्तर आलं, 'तिथं बसून आम्हाला काय शिकवालास?'

खरा राग क्लासचा नाहीच. अख्ख्या घराण्यात गणित शिकवणारा मी एकटा, आणि पुतण्याने काय शिकावं हे ठरताना मला कुणी विचारलं नाही. फी भरल्याची पावती तेवढी ग्रुपवर दिसली.