नळी खाली नेल्याने धक्का नाहीसा होत नाही

कियाप्पा ऱ्हायनो या इटालियन रिव्हॉल्व्हरविषयीचा एक मजकूर नेमबाजांमध्ये हातोहात फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : नळी सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसे बसवलेल्या फिरत्या नळकांड्याच्या, वरच्या घराऐवजी (काडतुसाच्या खाचेऐवजी) सर्वांत खालच्या घरासमोर असल्यामुळे .३५७ मॅग्नम काडतुसाचाही धक्का जवळजवळ नाहीसा होतो. त्यामुळे नवख्याचा नेमही अचूक लागतो. हाताळणी इतर रिव्हॉल्व्हरांसारखीच आहे. आणि नळी वर ठेवणारे कारागीर इतकी वर्षे एक चूकच गिरवत आले. मला ही रचना मनापासून आवडते, आणि म्हणूनच तिच्या नावावर नसते गुण खपवले जाऊ नयेत असे वाटते.

पहिला मुद्दा धक्क्याचा. १५८ ग्रेनची, म्हणजे सुमारे १०.२ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३७५ मीटर वेगाने बाहेर पडली, तर तिचा संवेग सुमारे ३.८ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद होतो आणि तितकाच संवेग उलट दिशेने शस्त्राला मिळतो. नळी वर आहे की खाली, हे या हिशेबात कोठेच येत नाही. येते ते शस्त्राचे वजन. चार इंची ऱ्हायनोची चौकट ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असल्यामुळे ते सुमारे ८५० ग्रॅम भरते, तर तेवढ्याच नळीचे पोलादी रिव्हॉल्व्हर सहज ११०० ग्रॅमचे असते. दारूच्या वायूंचा वाटा बाजूला ठेवला, तरी पहिले सेकंदाला साडेचार मीटर वेगाने मागे येऊ पाहते आणि दुसरे साडेतीन मीटर वेगाने. म्हणजे धक्का कमी होणे दूरच, हलके शस्त्र अधिक वेगाने हातावर येते.

मग बदलते काय? धक्क्याची दिशा. नेहमीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये नळी मुठीच्या बरीच वर असते, त्यामुळे मागे येणारा जोर शस्त्राला मनगटाभोवती फिरवतो आणि नळीचे तोंड उसळते. ऱ्हायनोची नळी मुठीच्या जवळजवळ रेषेत येते. शस्त्राला फिरवणारी तरफ आखूड होते आणि जोर सरळ मागे जातो. पूर्ण शक्तीची काडतुसे झाडताना पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरण्याचा उंचवटा, फारशी उडत नाही, पण अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्यात तो दणका नेमका बसतो. ज्याला हा फरक अनुभवायचा आहे, त्याने एकाच बैठकीत, एकाच पेटीतली काडतुसे दोन्ही शस्त्रांतून झाडून पाहावीत.

नळीचे तोंड कमी उसळले, तर दुसरी गोळी लवकर झाडता येते. परंतु पहिली गोळी कोठे लागेल हे नळीची घडण, घर आणि नळी यांची जुळणी, चापाची ओढ आणि नेमबाजाचा हात यांवर ठरते. शस्त्राची अचूकता पाहायची, तर ते वाळूच्या पिशवीवर टेकवून, हॅमर (काडतुसावर आघात करणारा घोडा) आधी चढवून, २५ मीटरवर पाच-पाच गोळ्यांचे गट घ्यावेत. नवख्याचा हात पाहायचा, तर दुसऱ्याकडून सिलिंडरमध्ये तीन भरलेली काडतुसे आणि तीन रिकाम्या पुंगळ्या उलटसुलट भरून घ्याव्यात. रिकाम्या पुंगळीवर नुसता ‘टक’ आवाज येतो आणि त्याच क्षणी माशी खाली दबताना दिसते : ही धक्क्याच्या भीतीने हाताला लागलेली सवय आहे आणि ती ऱ्हायनोतही जशीच्या तशी दिसते.

शिवाय नळी खाली गेली की दृष्टिरेषेपासूनचे तिचे अंतर वाढते. ते चार सेंटिमीटर धरले आणि शस्त्राचा नेम २५ मीटरवर जुळवला, तर पाच मीटरवर केवळ भूमितीमुळे गोळी सुमारे तीन सेंटिमीटर खाली लागते.

हाताळणी सारखीच आहे, हे विधान मात्र मला धोकादायक वाटते. मागे बाहेर दिसणारा भाग हा हॅमर नव्हेच, ती आतला हॅमर चढवणारी कळ आहे. ती ओढून सोडली की मूळ जागी परत येते, आणि चाप हलक्या ओढीवर तयार असतानाही शस्त्र शांत दिसते. खूण एकच : मागच्या दृष्टीशेजारी, म्हणजे नेम धरण्याच्या मागच्या खाचेशेजारी, वर येणारा छोटा तांबडा खुंटा. हॅमर उतरवायचा, तर नळी सुरक्षित दिशेला धरून, कळ मागे ओढून धरून, चाप दाबून ती हळूहळू पुढे न्यावी लागते. सिलिंडर आणि नळी यांच्यामधली फटही येथे खाली, आधाराच्या हाताच्या बोटांजवळ येते आणि तिच्यातून प्रत्येक गोळीबरोबर तप्त वायू बाहेर पडतो. पिस्तुलाच्या सवयीने अंगठे पुढे लांबवणाऱ्याला हे पहिल्या काडतुसाआधीच सांगायला हवे.

राहिली कारागिरांची ‘चूक’. १८३६ चे पेटंट घेणाऱ्या सॅम्युएल कोल्टच्या रिव्हॉल्व्हरांत हॅमर वरच्या घरावर थेट पडे आणि त्याच्या डोक्यातली खाच हीच मागची दृष्टी असे. इतक्या थोड्या भागांत इतके काम दुसऱ्या मांडणीत साधले नसते. खालच्या नळीची कल्पनाही ऱ्हायनोपुरती नवी नाही : ऱ्हायनोचे रचनाकार एमिलिओ गिझोनी यांनी ती आधी माटेबा रिव्हॉल्व्हरांत वापरली होती, आणि २००८ मध्ये ते वारल्यानंतर ऱ्हायनो बाजारात आले. नळी खाली नेली की हॅमर चौकटीत खोल जातो, तो चढवायला वेगळी कळ आणि आत जास्तीचे दुवे लागतात, आणि तो दिसेनासा झाला म्हणूनच तांबडा खुंटा बसवावा लागतो.