बाहुली उभी करणे

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसली की थेट अक्षय्य तृतीयेपर्यंत सोयीचा दिवस बघून हळदीकुंकू करता येतं. पंचांगानं एवढी ऐसपैस सवलत दिलेली असताना आमच्या सासूबाई पहिलाच शुक्रवार धरतात. मग पायऱ्या मांडा, त्यावर चादर अंथरा, कलिंगडाचं कमळ कोरा आणि बाहुल्या मांडा. कलिंगड ठेवलं तिथे राहतं. बाहुल्या राहत नाहीत.

जुन्या बाहुल्यांची तक्रार नाही. सासूबाईंच्या लहानपणची लाकडी ठकी एकाच ठोकळ्यातून कोरलेली, तिला सुटे पायच नाहीत. ती बसवाल तिथे ठाण मांडते. तंजावरची डोलणारी बाहुली बुडाशी गोल आणि जड, कितीही ढकला, मान हलवत परत सरळ. (असा स्वभाव मिळायला भाग्य लागतं.) पंचाईत पुढच्या पिढीची. जाऊबाईंनी पाठवलेले कापडी नवरा-नवरी मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आतच एकमेकांच्या पायावर लोळण घेतात. आणि लेकीची बार्बी! साडेअकरा इंच उंची, टाचा कायमच्या वर. 1959 साली पहिली बार्बी आली तेव्हा तिच्या तळव्यांना चक्क भोकं होती आणि स्टँडच्या दोन खुंट्या त्यात बसायच्या. म्हणजे ही बाई एकटी उभी राहणार नाही, हे करणाऱ्यांनाही पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"तिला नऊवारी नेसव आणि मधल्या पायरीवर उभी कर," सासूबाई म्हणाल्या.

"आई, ती उभी राहत नाही."

"नऊवारीत सगळ्या राहतात."

नवऱ्यानं मोबाइलमधून डोकं वर न काढता सांगितलं, की स्टँड ऑनलाइन मिळतात. मिळतात, पण रविवारी. शुक्रवारच्या हळदीकुंकवाला रविवारचा स्टँड काय कामाचा? मी तार आणायला गेले.

हार्डवेअरवाल्यानं विचारलं, "किती गेजची?" मी आपली जाड हवी म्हणून मोठा आकडा सांगितला. त्यानं शिवणाच्या दोऱ्याची थोरली बहीण शोभेल अशी तार काढली. गेज वाढला की तार बारीक होते, हे त्यानं मला ज्या मायेनं समजावलं, त्या मायेनं शाळेत कुणी भूमिती शिकवली असती तर! शेवटी चौदा गेजची, म्हणजे साधारण दोन मिलिमीटरची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार घेतली. बांधकामाची बाइंडिंग वायर स्वस्त पडते, पण ती मऊ. बाहुलीसकट नमस्कार घालते.

कृती सोपी आहे. तारेचं एक टोक पकडीनं वाकवून कमरेएवढं उघडं कडं करायचं, दुसरं टोक जड बैठकीत रोवायचं. बैठकीसाठी मी बरण्यांची झाकणं घेतली आणि त्यांत प्लास्टर ऑफ पॅरिस ओतलं. प्लास्टर आळताना गरम होतं आणि पाच-दहा मिनिटांत घट्ट होतं. त्याच पाच-दहा मिनिटांत कुरियरवाला येतो, दूध उतू जातं आणि तार हळूच पश्चिमेकडे कलते. कड्याची उंची मात्र जिवावरची. कडं पार खाली घेतलं तर बाई वरून कोसळते, काखेत घेतलं तर पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसते. कमरेच्या जरा वर, तळवे जेमतेम टेकलेले आणि तार निऱ्यांच्या मागे. स्टँड उत्तम झाला याची खूण एवढीच, की तो कुणाला दिसत नाही. म्हणजे कौतुक साडीचं होणार.

घेरदार घागरेवाल्यांचा प्रश्न सासूबाईंनी एका वाक्यात निकालात काढला. "आत फुलपात्र उपडं घाल." घातलं. काय सांगू, तारेचं सगळं शास्त्र त्यापुढे फिकं पडलं. बाहुल्या अशा ताठ, जणू सत्काराला उभ्या. मग राजस्थानी जोडी, गुजराथी गरबेवाल्या, ख्रिसमसची परी, सगळ्यांच्या खाली फुलपात्रं गेली.

शुक्रवारी संध्याकाळी बायका आल्या. आंब्याची डाळ वाटली, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओट्या भरल्या आणि पन्हं ओतायला घेतलं तेव्हा स्वयंपाकघरातल्या मांडणीत एकही फुलपात्र नव्हतं. मी कागदी कप शोधायला निघाले, तर सासूबाई आरशीपुढे उभ्या असल्यासारख्या शांतपणे पायऱ्यांपाशी गेल्या, गरबेवाल्यांना एकेक करून उचललं, आतली फुलपात्रं काढली, विसळली आणि पन्हं भरलं. गरबा तिथेच आडवा झाला.

उभी राहिली ती एकटी बार्बी. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी वाकून तिच्या निऱ्या बाजूला केल्या, आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, तार! आमचं मंगळवारी आहे. बारा पुरतील."

"देईल की," सासूबाई पन्ह्याचा घोट घेत म्हणाल्या. "हिला काय, नुसती वाकवायची तर असते."