पीपीएफ: हँडलची वाटी तुमची, बंपर कारागिराचा

दहा मिनिटांचा व्हिडिओ बघायचा, ऑनलाइन रोल मागवायचा आणि रविवारी पोर्चमध्ये गाडीला पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म, म्हणजे रंग वाचवायला पत्र्यावर चिकटवायची फिल्म) लावायला बसायचं, असा बेत करणारे नागपुरात आता बरेच दिसतात. दुसऱ्या टोकाला शोरूममधून गाडी निघायच्या आधीच ‘फुल बॉडी करून टाका’ म्हणत लाखाच्या आसपास मोजणारेही आहेत. माझ्या मते दोघांचंही चुकतं, कारण हा निर्णय पूर्ण गाडीचा नसतोच. तो एकेका पॅनेलवर घ्यायचा असतो.

आधी माल बघा. खरी पीपीएफ म्हणजे टीपीयू (लवचिक पॉलियुरेथेन प्लास्टिक), जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन. रोल ६० इंच रुंद आणि १५ मीटर लांब येतो, त्यात बहुतेक गाड्या होतात. बाजारात पीव्हीसी आणि टीपीएच ही दुसरी प्लास्टिकंही ‘पीपीएफ’ म्हणूनच विकली जातात. तुकडा हातात घेऊन ताणा. टीपीयू बऱ्यापैकी मूळ मापावर परत येतो, पीव्हीसी ताणलेलाच राहतो. टीपीयूच्या वरच्या थरावर बारीक चरे पाडून गरम पाणी ओतलं की ते भरून येतात, पीव्हीसीवर तसेच राहतात. आपल्या मे महिन्यात पीव्हीसी पिवळा पडायला आणि कडक व्हायला वेळ लागत नाही. स्वस्तात मिळतो म्हणून तो लावू नका राजेहो, काढताना रडवतो.

आता घरी काय करावं? दाराच्या हँडलमागची वाटी, दाराची कड, डिकीच्या उंबऱ्याची पट्टी, पायरीची पट्टी, आणि हात बसला असेल तर हेडलाइट. हे तुकडे लहान, बहुतेक सपाट किंवा एकाच दिशेने वळलेले. बिघडला तर वीतभर फिल्म जाते. गाडीच्या मॉडेलप्रमाणे कापलेले तुकडेच मागवा, म्हणजे रंगावर ब्लेड चालवायची वेळ येत नाही. ब्लेडचा एक चरा क्लिअरकोटमधून (रंगावरच्या पारदर्शक थरातून) खाली गेला, तर ज्या रंगासाठी हा खटाटोप चाललाय तोच गेला.

दोन बाटल्या लागतात. पहिली स्लिपची, म्हणजे फिल्म सरकवता यावी म्हणून: १ लिटर आरओचं पाणी आणि १ ते २ मिली बेबी शाम्पू. बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार फिल्मखाली डाग सोडतात. कंडिशनरवाला शाम्पू नको, भांड्यांचं रंगीत लिक्विडही नको. शाम्पू कमी पडला तर गोंद जिथे टेकेल तिथेच धरतो आणि रेघा उमटतात. जास्त झाला तर फिल्म बसतच नाही, कड उठते. दुसरी बाटली टॅकची, म्हणजे फिल्म लगेच धरावी म्हणून: १ लिटरमध्ये १०० ते १५० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, बाकी पाणी. ती फक्त कडांना आणि जिथे फिल्म सरकू द्यायची नाही तिथे.

गाडी धुवा, क्ले बार (रंगावर चिकटलेली घाण ओढणारी मऊ माती) फिरवा, मग अल्कोहोल-पाण्याने पुसून वॅक्स आणि तेलकटपणा काढा. शोरूमने डिलिव्हरीच्या वेळी ‘कोटिंग’ मारून दिलं असेल तर ते आधी पॉलिशने उतरवावं लागतं, त्यावर गोंद नीट धरत नाही. सिरॅमिक कोटिंग (रंगावर चोळायचा चमकदार द्रव थर) हवंच असेल तर पीपीएफच्या वरून करा. आणि लक्षात ठेवा, सिरॅमिक दगड अडवत नाही.

हात ओले करा. गोंदाला कोरडं बोट लागलं की ठसा कायमचा. लायनर (फिल्मच्या गोंदामागचा कागद) सोलता सोलता गोंदाच्या बाजूवर सढळ फवारा, पॅनेलही ओलं ठेवा. तुकडा जागेवर आणून मध्ये स्क्वीजीचा (पाणी बाहेर ढकलायच्या रबरी पट्टीचा) एक फटका मारून धरवा, मग मधून बाहेर. प्रत्येक फटका आधीच्या फटक्यावर अर्धा चढलेला हवा. कडेला ‘फिंगर’ म्हणजे बोटांसारख्या सुरकुत्या आल्या तर दाबून बसवू नका. कड उचला, पुन्हा भिजवा, थोडं बाजूला ताणून बसवा. स्वतः कापलेला तुकडा असेल तर कोपरे गोल करा आणि पॅनेलच्या कडेपासून १ ते २ मिलिमीटर आत थांबा. टोकदार कोपरा सगळ्यात आधी उठतो. शेवटी हीट गन २० सेंटिमीटरवरून, सतत हलती. एका जागी थांबलात तर वरचा थर जळून धुरकट होतो, तो परत येत नाही.

पाण्याचे बारीक बुडबुडे दोन-तीन आठवड्यांत आपोआप जातात. हवेचा बुडबुडा सहसा राहतो. धुळीचा कण जातच नाही.

आणि धूळ हाच नागपूरचा खरा प्रश्न. पोर्चमध्ये काम करायचं तर आधी फरशीवर पाणी शिंपडा, पंखा बंद, आणि कूलर तर मुळीच नको. कूलरच्या ताट्यांतला भुसा उडून नेमका गोंदावर बसतो. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांच्या बाजूला राहत असाल तर राखेची गोष्ट वेगळी सांगायला नको. वेळही महत्त्वाची. मेमध्ये पत्रा इतका तापतो की गोंद क्षणात पकडतो, सरकवायला वावच मिळत नाही. डिसेंबरच्या पहाटे उलट, फिल्म ताठ आणि गोंद सुस्त. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी अकरानंतर, सावलीत दोन-तीन तास उभी असलेली गाडी, हे उत्तम.

बंपरला मात्र घरी हात लावू नका. तो एकाच वेळी दोन दिशांना वळतो, त्यात फॉगलॅम्पचे खड्डे, सेन्सरची भोकं, ग्रिलच्या कडा. तिथे फिल्म कुठे ताणायची, कुठे सैल सोडायची आणि ताण कोणत्या कडेला नेऊन संपवायचा, हे हाताला कळावं लागतं. जास्त ताणलेली फिल्म त्या दिवशी सुंदर दिसते. पहिल्या कडक उन्हात ती आपल्या मापावर परत जायला बघते आणि खोलगट जागेतून व कडेवरून सुटते. एका चुकीत दीड-दोन मीटर रोल जातो. दोनदा चुकलात की कारागिराच्या मजुरीतला फरक तिथेच संपला. आरशांचंही तेच. बोनेट मधलं प्रकरण आहे: कापून आलेला तुकडा, दोन माणसं आणि बंद जागा असेल तर जमतं. अर्धं बोनेट टाळा, फिल्मच्या कडेला धूळ बसून पांढऱ्या गाडीवर काळी रेघ दिसते.

गाडी शहरातच, धरमपेठ ते सीताबर्डी फिरणार असेल तर फुल बॉडी मला उधळपट्टी वाटते. समृद्धीवर १२० च्या वेगाने नेहमीचं जाणं असेल तर बंपर, बोनेट, फेंडर, आरसे आणि मागच्या चाकापुढचा भाग कारागिराकडून करून घ्या. दगड तिथेच लागतात.

कारागीर निवडताना इन्स्टाग्रामवरची चमक बघू नका. त्याने वर्षापूर्वी केलेली, म्हणजे एक उन्हाळा काढलेली गाडी दाखवायला सांगा आणि तिच्या कडा बघा. शटर रस्त्याकडे सताड उघडं असेल तर परत फिरा. रोल तुमच्यासमोर उघडायला सांगा, बिलावर फिल्मचं नाव, रोलचा नंबर आणि पॅनेलची यादी लिहून घ्या. कापणं प्लॉटरवर (फिल्म मापाने कापणाऱ्या मशीनवर) की गाडीवर, कोणत्या कडा आत वळवणार, दिवे आणि बॅज काढणार का, आठवड्याने कडा तपासून देणार का, हे आधीच विचारा. पूर्ण गाडी एका दिवसात देतो म्हणाला तर पॉलिश आणि साफसफाई कुठे गेली ते विचारा. वॉरंटीचं कार्ड वाचा. पिवळेपणा आणि तडे बहुधा त्यात असतात, पण बऱ्याच कंपन्यांची अट असते की फिल्म त्यांच्या अधिकृत कारागिरानेच लावलेली हवी. घरी लावलेल्याला ती धरून चालू नका.

रंगीत पीपीएफ घेत असाल तर आरसीवरचा रंग बदलून घ्यावा लागतो. पारदर्शकला ती भानगड नाही.

लावल्यावर आठवडाभर धुऊ नका. नंतरही प्रेशरचं नोझल गाडीपासून दोन फूट दूर, कडेच्या रोखाने कधीच नाही. कडुलिंबाखालच्या पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी काढा, राख बसली असेल तर पुसण्याआधी पाण्याने वाहू द्या.

आणि डेंटिंग-पेंटिंग झालेल्या पॅनेलवर निदान दोन महिने फिल्म नको, ताज्या रंगातलं सॉल्व्हंट आधी निघून जाऊ द्या. पुढे कधी त्या पॅनेलवरची फिल्म काढायची वेळ आली तर हीट गनने कोमट करून, पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून, सावकाश ओढा. सरळ वर उपटलीत तर गॅरेजचा रंग फिल्मबरोबर येतो.