पद्मिनीचे पुढचे सस्पेन्शन ‘अर्ध्या दिवसात, घरच्या घरी’: एका संदेशाचा प्रतिवाद

बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींमध्ये सध्या एक संदेश मोबाइलवरून फिरतो आहे. त्याचा आशय असा: प्रीमियर पद्मिनीचे पुढचे सस्पेन्शन घरी अर्ध्या दिवसात नवे करता येते, आधी इंजिन उतरवावे, गाडी जॅकने उचलून खाली चिरे लावावेत, आर्म (चाकाला गाडीच्या अंगाशी जोडणारे हलते दांडे) सोडून टॉमीने (लोखंडी पहारीने) स्प्रिंग काढावी, किंगपिन (जिच्याभोवती पुढचे चाक वळते ती पिन) कोणत्याही लेथवर करून घ्यावी, नवे बुश (सांध्यात बसणाऱ्या नळ्या) घालून सगळे नट तिथेच आवळावेत आणि अलाइनमेंटऐवजी, म्हणजे चाकांचे कोन यंत्रावर जुळवण्याऐवजी, दोरी लावावी. घरी काम करण्याला माझा आक्षेप नाही. माझ्या पद्मिनीचे हे काम मी अंगणातच केले आहे. आक्षेप आहे तो घरी काय करावे आणि काय करू नये, ही रेषाच पुसून टाकण्याला.

पहिली गोष्ट चिऱ्याची. आपल्याकडे अंगणात चिरा पडलेला असतोच, त्यामुळे तो हाताला येतो. भिंतीत पसरट भार पेलणारा हा जांभा दगड सच्छिद्र असतो, आणि गाडीच्या अंगाची एखादी कड त्यावर टेकली की कोपरा न सांगता ढासळतो. गाडीखाली लोखंडी घोडीच (गाडी पेलणारा स्टँड) हवी, तीही पुढच्या आडव्या मजबूत भागाखाली.

इंजिन आधी उतरवण्याचा सल्ला तर कामाच्या नेमका उलट आहे. आर्म आणि गाडीचे अंग यांच्यामध्ये स्प्रिंग दाबलेली असते. खालच्या आर्मखाली ट्रॉली जॅक लावून, सांधा सोडून, जॅक हळूहळू उतरवत तिचा जोर काढतात. जॅक वर रेटत असताना गाडी खाली धरून ठेवते ते पुढच्या भागाचे वजन, म्हणजे मुख्यतः इंजिन. ते नसेल तर गाडीच घोडीवरून उचलली जाते. अशा वेळी स्प्रिंग दाबून धरणारे साधन वापरल्याशिवाय पर्याय नाही. स्प्रिंगवर ४०० किलोचा भार आहे आणि ती १५ सेंटीमीटर दबली आहे असे केवळ हिशेबासाठी धरले, तरी तिच्यात साठलेली ऊर्जा १० किलोचे वजन ३ मीटर उंचीवरून पडावे एवढी भरते. टॉमी लावणाऱ्या माणसाचे तोंड त्या वेळी कुठे असते, हे संदेश लिहिणाऱ्याने पाहिलेले दिसत नाही.

आता किंगपिन. ‘उद्यमबागेत एवढी लेथ आहेत, तासाभरात पिन मिळते’ हे बेळगावच्या या औद्योगिक वसाहतीबद्दलचे वाक्य अर्धे खरे आहे, म्हणूनच ते अधिक फसवे आहे. साध्या गजातून कातलेली पिन नवी असताना हुबेहूब दिसते, परंतु मऊ असल्याने काही महिन्यांत तिच्यावर खाच पडते आणि स्टेअरिंग पुन्हा खडखडू लागते. किंगपिनचा पृष्ठभाग कडक आणि गाभा चिवट हवा. त्यासाठी ईएन ३५३ सारखे पृष्ठभागी कार्बन मुरवून कडक करता येणारे पोलाद घ्यावे लागते, कातल्यावर ते भट्टीतून काढावे लागते आणि शेवटी ग्राइंडिंग करून अंतिम मापाला आणावे लागते. कडकपणा रॉकवेल सी मापावर ५८ च्या आसपास हवा. ही तिन्ही कामे बेळगावातच होतात. फक्त ती तीन वेगवेगळ्या ठिकाणी होतात, आणि मेस्त्रीला ‘पिन करून द्या’ एवढेच सांगितले तर पहिलेच काम होऊन पिन हाती येते. त्यापेक्षा तयार संच मिळत असेल तर तो घेणे शहाणपणाचे.

किंगपिनचा बुश ठोकून बसवला की त्याचे भोक किंचित आवळते, म्हणून तो बसवल्यानंतर रीमरने (भोक आतून खरवडून मापाला आणणाऱ्या हत्याराने) मापाला आणावा लागतो. वरचा आणि खालचा असे दोन्ही बुश एकाच लांब रीमरने, एका रेषेत काढले तरच पिन दोन्हींत सरळ बसते. तेल लावलेली पिन अंगठ्याच्या दाबाने आत सरकावी आणि तरीही डुलू नये. हातोडा लागत असेल तर काम झालेले नाही.

आर्मच्या रबरी बुशाच्या बाबतीतली चूक मी स्वतः केली आहे. ज्या बुशात रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला पक्के धरलेले असते, तो फिरत नाही, पिळला जातो. चाक हवेत लोंबत असताना नट आवळले, तर गाडी जमिनीवर टेकताच रबर कायमचे पिळलेल्या स्थितीत राहते. माझे बुश पहिल्या पावसाळ्यातच फाटले. नट हलके लावावेत, गाडी चाकांवर उतरवावी, पुढचा भाग दोन-चारदा दाबून सोडावा आणि मगच अखेरचे आवळावे. नट सुटू नये म्हणून लावायच्या स्प्लिट पिना नव्याच घालाव्यात, हे वेगळे सांगायला नको.

दोरीबद्दल मात्र संदेश पूर्ण चुकीचा नाही. मागच्या चाकांपासून ताणलेल्या दोरीने पुढच्या चाकांचे टोक आत आहे की बाहेर, हे बऱ्यापैकी मोजता येते, आणि तेवढ्यावर सावकाश शहरात अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत जाता येते. चाक वरून आत किंवा बाहेर कलले आहे का, आणि किंगपिन मागे किती झुकली आहे, हे दोरी सांगत नाही. हे कोन आर्मच्या बुडाशी असलेल्या शिमांवर (पातळ पत्र्याच्या चकत्यांवर) ठरत असतील, तर ते शिम खोलतानाच, डावे-उजवे आणि पुढचे-मागचे असे चार वेगळ्या डब्यांत, संख्या लिहून ठेवावे लागतात. संदेशात त्यांचा उल्लेखही नाही.