न आलेल्या पेशंटचा डॉक्टर

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरचं काम आपल्याकडे ओपीडीच्या आकड्यावर मोजतात. आज किती तपासले, महिन्याला किती झाले. माझ्या मते हे मोजमापच उलटं आहे. जो आला त्याला कुणीही तपासेल. जो आलाच नाही त्याची नोंद कुणाकडे आहे, हा खरा प्रश्न.

ज्युलियन ट्यूडर हार्ट या माणसाने हा प्रश्न आयुष्यभर लावून धरला. जन्म १९२७, लंडनचा. केंब्रिजमध्ये शिकला, आर्ची कॉक्रन यांच्यासोबत साथरोगशास्त्राचं काम केलं आणि १९६१ मध्ये वेल्समधल्या ग्लिनकॉरुग नावाच्या खाणकामगारांच्या गावात फॅमिली डॉक्टर म्हणून जाऊन बसला. वस्ती सुमारे २,००० ची. १९७१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याने मांडलं की जिथे गरज जास्त तिथे चांगली वैद्यकीय सेवा कमी मिळते, आणि सेवा जितकी बाजाराच्या हाती तितकं हे जास्त घडतं. हा निबंध जगभर गाजला. मला मात्र त्याचं ब्लडप्रेशरचं काम जास्त मोलाचं वाटतं.

त्याने शिबिर घेतलं नाही. खोकला, कंबरदुखी, सर्टिफिकेट, कशासाठीही माणूस आला की बीपी घ्यायचं आणि केसपेपरवर नोंदवायचं. काही वर्षांत बहुतेक गाव आपोआप येऊन जातं. मग उरलेल्यांची यादी काढायची आणि त्यांच्या मागे लागायचं. हे जमलं याचं कारण ब्रिटनच्या आरोग्यसेवेत प्रत्येक माणूस एका डॉक्टरच्या यादीत असतो. यादी असेल तरच कोण राहिलं ते कळतं. पुढे १९९१ मध्ये त्याने २५ वर्षांचा हिशोब छापला: ब्लडप्रेशरच्या पेशंटमध्ये धूम्रपान करणाऱ्यांचं प्रमाण ५६ टक्क्यांवरून २० वर आलं होतं, आणि ६५ वर्षांखालचे मृत्यू शेजारच्या तशाच गावापेक्षा २८ टक्क्यांनी कमी होते. त्यात कुठलंही महागडं यंत्र नव्हतं.

आता आपल्याकडे या. सपाटीवर ३०,००० आणि आदिवासी-डोंगरी भागात २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. यादी आपल्याकडेही आहे, ती आशाताईंकडे असते. तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका तपासणारी प्रश्नावली, भरायचा असतो. पण आशाताई घरी जातात दिवसा, तेव्हा भेटतात बाया आणि म्हातारी माणसं. चाळिशीतला पुरुष शेतावर नाहीतर एमआयडीसीत. त्यामुळे ज्याचं बीपी कधी मोजलेलंच नसतं, नेमका तोच सुटतो. याला उपाय संध्याकाळची फेरी आणि बाजाराचा दिवस. तेवढीच मुभा आणि प्रवासभत्ता त्यांना द्या.

दुसरी गोम मोजण्यातच आहे. कुठलंही बीपीचं रजिस्टर उघडा. १२०/८०, १३०/८०, १२०/८० अशी रांग दिसली तर समजा की मोजलेलं नाही, लिहिलेलं आहे. खरी मापं १३४/८६ अशी वेडीवाकडी येतात. मोजतानाही चुका ठरलेल्या. पेशंट चालत आला की लगेच पट्टा. पाच मिनिटं बसवायचं, पाठ टेकलेली, पायावर पाय नको, हात छातीच्या उंचीवर आणि गप्पा बंद. पट्ट्यातली रबरी पिशवी दंडाच्या घेराचा ८० टक्के भाग वेढणारी हवी. जाड दंडाला छोटा पट्टा लावला की बीपी खोटं जास्त दिसतं. बाहीवरून पट्टा लावायचा नाही, बाही घट्ट गुंडाळून वर सारायचीही नाही. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोन मापं. आणि एक विचारायला विसरू नका: सकाळची गोळी घेतली का? उपाशीपोटी साखर तपासायची म्हणून लोक त्या दिवशी गोळीही टाळतात. बीपी वाढलेलं दिसतं, डॉक्टर डोस वाढवतात, आणि अॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी ५ मिलिग्रॅमची १० झाली की काहींच्या पायाला सूज येते. मग तो पेशंट गोळी आणि दवाखाना दोन्ही सोडतो. रजिस्टरवर त्याच्या पुढे फक्त रिकामा चौकोन राहतो.

तो रिकामा चौकोन वाचणं हेच फॅमिली डॉक्टरचं काम. बीपी वाढलेल्यांतल्या निम्म्यांना आजार माहीत नसतो, माहीत असलेल्यांतले निम्मे उपचार घेत नाहीत, घेणाऱ्यांतल्या निम्म्यांचं बीपी आटोक्यात नसतं, हा निम्म्या-निम्म्याचा हिशोब हार्टनेही वारंवार मांडला. ढोबळ आहे, पण रोख बरोबर आहे.

मात्र तो चौकोन कुणाचा हे ओळखायला डॉक्टर तिथे टिकावा लागतो. आपल्याकडे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचं, म्हणजे बाँडचं, एक वर्ष, नाहीतर अकरा महिन्यांचं कंत्राट. माणसं ओळखीची होईस्तोवर ऑर्डर निघते. (पीजीची तयारी करणाऱ्या पोराला दोष देऊ नका, थांबला तर पुढे काय, हे त्याला कुणीच सांगत नाही.) फॅमिली मेडिसिनची पदव्युत्तर जागा, तिला जोडलेली प्रा. आ. केंद्रातली कायम पोस्ट आणि त्याच केंद्रात राहूनही मिळणारी वेतनवाढ, एवढं केलं तर थांबणारे थांबतील.

तोवर करता येण्यासारखं: चार्ज देताना औषधसाठ्याच्या यादीबरोबर तपासणीला यायचे राहिलेल्या बीपी-शुगरच्या पेशंटची गाववार यादीही सहीनिशी द्यावी. आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांची वेगळी. टोळ्या दिवाळीच्या आसपास निघतात. तीस गोळ्या देऊन 'पुढच्या महिन्यात या' म्हणण्यात अर्थ नाही. निघण्याआधी बीपी बघून निदान तीन महिन्यांच्या गोळ्या आणि डोस लिहिलेलं कार्ड हातात द्या, कारखान्याजवळच्या केंद्रात दाखवायला.