कृष्ण अय्यर यांनी इंदिरा गांधींचे उपकार फेडले?

न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्याविषयी एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो: 'केरळचा हा कम्युनिस्ट मंत्री थेट सर्वोच्च न्यायालयात बसला आणि १९७५ साली स्थगिती देऊन त्यानं इंदिरा गांधींचे उपकार फेडले.'

थेट? १९५७ साली ते तलश्शेरीतून कम्युनिस्टांच्या पाठिंब्यावर, पण अपक्ष म्हणून निवडून आले आणि केरळचे मुख्यमंत्री नंबुद्रीपाद यांच्या मंत्रिमंडळात गेले. १९५९ साली केंद्रानं ते सरकार बरखास्त केलं; त्यासाठी आग्रह धरणाऱ्या काँग्रेस अध्यक्ष होत्या इंदिरा गांधी! नंतर वकिली, १९६८ साली केरळ उच्च न्यायालय, मग विधी आयोग आणि १९७३ साली दिल्लीत सर्वोच्च न्यायालय. त्याच वर्षी तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून सरन्यायाधीश नेमले गेले होते, त्यामुळे या नेमणुकीवर शंका घेतली गेली हे मी समजू शकतो.

पण स्थगितीचा आदेश काय होता, हे मजकूर सांगतच नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयानं इंदिरा गांधींची लोकसभेवरची निवड रद्द केल्यावर त्यांचे वकील पालखीवाला यांनी मागितली होती त्या निकालाला संपूर्ण स्थगिती. कायदामंत्री ह. रा. गोखले अय्यर यांना भेटू पाहत होते. अपील असेल तर रजिस्ट्रीत दाखल करा, असं आपण त्यांना सांगितल्याचं अय्यर यांनी पुढे सांगितलं. २४ जूनला सुटीकालीन न्यायाधीश म्हणून त्यांनी दिली ती सशर्त स्थगिती: पंतप्रधानपदी राहा, सभागृहात बोला, पण खासदार म्हणून मतदान नाही आणि मानधनही नाही. दुसऱ्या रात्री आणीबाणी आली. उपकार असे फेडतात का? नोव्हेंबरमध्ये इंदिरा गांधींची निवडणूक वैध ठरवणाऱ्या पीठावर ते नव्हते, आणि आणीबाणीत अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचा हक्क (हेबियस कॉर्पस) नाकारणाऱ्या १९७६ च्या पीठावरही नव्हते.

राजकारणी न्यायाधीश पक्षाचंच बघतो, हे गृहीतक मला सर्वांत जास्त खटकतं. १९४८ साली अय्यर स्वतः तुरुंगात राहिले होते, मंत्री असताना तुरुंग खातं त्यांच्याकडे होतं. ते त्यांच्या निकालांत उतरलं. तिहार तुरुंगातल्या सुनील बत्रा या कैद्याचं, दुसऱ्या कैद्याच्या छळाविषयीचं पत्रच याचिका मानलं गेलं. आपल्याकडचा होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा १९७८ चा निकालही त्यांचाच: शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत मोफत आणि वेळेत मिळाली पाहिजे, अपिलासाठी वकील परवडत नसेल तर सरकारनं द्यावा.